माझ्या माहेरच्या समुद्राचं घड्याळ

नमस्कार श्रोतेहो.

माझं सासर नाशिकचं, पंचवटीतलं, आणि माहेर रत्नागिरीचं. लग्न होऊन इथं आले त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. दसरा झाला की ओळखीचं कोणी ना कोणी घरी येतं किंवा फोन करतं. "वहिनी, दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला निघालोय. काय काय बघू?" पूर्वी मी भराभरा ठिकाणं सांगायचे. आता आधी एकच विचारते : तुम्ही तिथं कोणत्या तिथीला पोहोचताय?

समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. समुद्र बघायला जायचं, त्यात पंचांगाचं काय काम? पण आपल्या नाशिककरांना हे समजायला अवघड जाऊ नये. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण आकडे विचारत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, एवढंच विचारतो. कमरेला लागलं म्हटलं की एक अर्थ, छातीला लागलं की दुसरा, आणि गळ्याशी आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायला लागतात. पाणी वाचायची ही आपली रीत झाली. माझ्या माहेरी समुद्र वाचायची अशीच एक रीत आहे, आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरात असते.

ती रीत मला बाबांनी शिकवली. आपल्यापैकी जे पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणत मोठे झाले, त्यांना ती लगेच येईल. त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट, म्हणजे तीन चतुर्थांश, करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि पहाटेही तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वद्य पक्ष लागला की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती पूर्ण झाली की साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अर्ध्यापाऊण तासाचा फरक इकडे तिकडे पडतो, पण किनाऱ्यावर उभं राहून पाणी येतंय की जातंय हे ओळखायला एवढं पुरतं.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते थोडंच चढतं, थोडंच उतरतं. तो भांग. उधाणाच्या दिवसांत त्याच सहा तासांत कितीतरी जास्त पाणी ये-जा करतं, म्हणून त्याची ओढही जबर असते.

आता दिवाळीचा हिशोब करा. लक्ष्मीपूजन अमावास्येला. पाडवा प्रतिपदेला. भाऊबीज द्वितीयेला. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कोकणात गेलात की दरवर्षी, न चुकता, उधाणातच जाता. भाऊबीजेला दोन पाऊणे दीड. दुपारी दीडला भरती पूर्ण होते आणि पाणी मागे फिरतं. तीन ते पाच या वेळात ते सगळ्यात जोरात बाहेर ओढत असतं. आणि पाहुणे पाण्यात कधी उतरतात? जेवण झालं, घटकाभर पडून झालं की. तीन-साडेतीनला.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत आमच्या घरचे सगळे माझ्या माहेरी आले होते. भाऊबीजेच्या दुपारी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. भाऊजी पट्टीचे पोहणारे, रामकुंडापुढच्या पात्रात लहानपणापासून उड्या मारलेले. ते सरळ आत गेले. आधी कमरेएवढ्या पाण्यात होते, मग आम्ही हाका मारतोय आणि त्यांचं डोकं लहान लहान होत चाललंय. ते किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारत होते आणि जागचे हलत नव्हते. खाडीच्या मुखाकडून होडी घेऊन येणाऱ्या दोघा खलाशांनी त्यांना पाहिलं, होडी वळवली आणि दंडाला धरून वर घेतलं. त्यातले वयस्क तांडेल किनाऱ्याला लागल्यावर माझ्या बाबांना एवढंच म्हणाले, "पावण्यांना पानी उतरतंय ते सांगायला नको होतं काय?" बाबांची मान खाली गेली. पाढा त्यांना पाठ होता. दिवाळीच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं होतं. म्हणून मी सांगते, विचारलं नाही तरी सांगते.

नदीत पोहणाऱ्याला समुद्र फसवतो, कारण नदीची ओढ काठाकाठाने खाली नेते आणि पुढे कुठेतरी काठ सापडतोच. समुद्राची ओढ सरळ आत नेते. तीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशी झुंजू नका. दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत बाजूला या. ओढीचा पट्टा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला काठाकडे आणतात. आणि खाडी जिथे समुद्राला मिळते त्या मुखापाशी, जसं भाट्याला काजळी नदी मिळते तिथे, ओहोटीला पाण्यात उतरूच नका. आरे-वारेचा किनारा दिसायला इतका देखणा आहे की पाय आपोआप पाण्याकडे वळतात. तिथंही हेच पथ्य.

आता जायचं कसं? नाशिककरांचं एक भाग्य आहे. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्स्प्रेस नाशिक रोडला थांबते आणि कल्याण, पनवेलवरून कोकण रेल्वेने थेट रत्नागिरीला नेते. मध्ये गाडी बदलायची नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेवढं पाहून घ्या. उक्षी स्टेशन मागे पडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. लहान मुलं त्या काळोखात पहिल्यांदा ओरडतात, मग गप्प होतात, आणि बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात रत्नागिरी येते. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षाने गावात यावं लागतं. मी आजही त्या बोगद्यात डोळे मिटून बसते. उघडेन तेव्हा हवा बदललेली असते, दमट, खारी, किंचित मासळीचा वास असलेली.

गावात पोहोचलात की पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. मांडवीला जा. तिथली वाळू काळी आहे, कारण तिच्यात इल्मेनाइटचे कण आहेत. हातात घेतली तर उन्हात चमकते. मग रत्नदुर्गाच्या पलीकडे मुरुगवाड्याला जा. तिथली वाळू पांढरी. मधे फक्त किल्ल्याचं एक टोक, आणि दोन बाजूंना दोन रंगांचे समुद्र. आम्ही त्यांना काळा समुद्र आणि पांढरा समुद्रच म्हणतो. किल्ल्यावर भगवतीचं देऊळ आहे, पुढे दीपगृह, आणि तिन्ही बाजूंनी पाणी. दुपारच्या उन्हात किल्ला चढू नका. कोकणातलं ऊन आपल्याकडच्यासारखं कोरडं नसतं. इथं घाम वाळतो आणि बरं वाटतं, तिथं तो वाळतच नाही. कोकम सरबत घ्या, डोक्यावर टोपी ठेवा, आणि किल्ला सकाळी करा.

थिबा पॅलेसला मात्र दुपारी जा, निवांत. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. लाल जांभ्याचा हा राजवाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधून झाला, आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. तीस वर्षं तो समुद्राकडे बघत राहिला आणि एकदाही घरी गेला नाही. शाळेत असताना आम्हाला तिथं सहलीला नेत. तेव्हा मला ती फक्त मोठी इमारत वाटे. सासरी आल्यावर, पहिल्या वर्षी माहेरची आठवण येऊन रडू यायचं तेव्हा, मला त्या राजाची आठवण झाली. त्याची समाधीही गावातच आहे. पाहुणे सहसा तिकडे जात नाहीत. तुम्ही जा. राजवाड्याजवळच थिबा पॉइंट आहे. तिथून भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडची माडांची रांग एका नजरेत दिसते.

नाशिककरांनी आवर्जून बघावी अशी आणखी एक जागा आहे, पतितपावन मंदिर. आपल्या काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. देवळाची दारं उघडावीत म्हणून माणसं वर्षानुवर्षं लढली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३१ ला, रत्नागिरीत सर्व जातींना प्रवेश असलेलं हे मंदिर उभं राहिलं. पुढाकार आपल्या भगूरच्या सावरकरांचा, ते तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. पैसा रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीरांचा. काळारामाच्या दारावरून मी रोज जाते. माहेरी गेले की पतितपावनाच्या पायरीवर थोडा वेळ बसते. ही दोन देवळं एका माणसाने एकाच आठवड्यात बघावीत असं मला फार वाटतं.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर जवळच आहे, तेही बघून घ्या. गणपतीपुळ्याचं मी तुम्हाला काय सांगणार! जाताना हमरस्त्याने न जाता आरे-वारेच्या किनारी रस्त्याने जा. अंतर सुमारे २५ किलोमीटर, आणि बराच वेळ समुद्र सोबतीला. देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घाला. पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. दक्षिणेला स्वामी स्वरूपानंदांचं पावस. घाई करू नका, एका दिवसात दोनच ठिकाणं.

आणि एक सकाळ मिरकरवाड्याच्या मासळी बंदरासाठी राखून ठेवा. मासळी खात नसाल तरी. ट्रॉलर लागतात, खलाशी पाट्या उतरवतात, लिलाव बोलला जातो, बायका हिशोबात एक पैसा चुकत नाहीत. खाणाऱ्यांनी बांगडा घ्यायचा तर कल्ले उचलून बघावेत, लालभडक हवेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा माशांच्या विणीचा काळ असतो. त्या दिवसांत ताटात ताजी सुरमई मिळेल या आशेवर जाऊ नका. तेव्हा कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सुकट खा. त्यालाही समुद्राचीच चव असते. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर ओल्या काजूंची उसळ मिळेल तिथे खा.

आंब्यासाठी मे महिन्यात जाणार असाल तर माझं ऐका. हॉटेलातून पेटी घेऊ नका. बागायतदाराच्या घरी जाऊन, आढीतला घ्या. गवतात पिकत घातलेला हापूस साल किंचित सुरकुतल्यावर आणि देठाजवळ वास सुटल्यावर खायचा असतो. आपल्या निफाड, दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना आंबेवाल्यांशी बोलायला फार आवडेल. फेब्रुवारीत आभाळ आलं की इथं द्राक्षावर भुरी आणि तिथं मोहोरावरही भुरी, रोगाचं नावसुद्धा तेच. माझा भाऊ आणि आमचे शेजारी फोनवर ढगांबद्दल बोलत बसतात, तेव्हा त्यांच्यात पाहुणे वगैरे काही उरत नाही.

चाकरमान्यांच्या गर्दीत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे कातळशिल्पं. रत्नागिरीभोवतीच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, फार जुन्या माणसांनी प्राणी, माणसं, आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. उक्षीला तर हत्ती आहे. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. ऊन तिरपं असलं की रेघा उठून दिसतात, भर दुपारी पायाखालचा हत्ती दिसत नाही. आणि चपला काढून बाजूने चाला, रेघांवर पाय देऊ नका.

तर दिवाळीला निघणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा. भाऊबीजेला भरती दीडला. मुलांना पाण्यात खेळवायचंच असेल तर सकाळी अकरा ते एक, पाणी चढत असताना, गुडघ्याएवढ्यात, आणि स्थानिक माणसाला विचारून. दुपारी घरी थांबा. साडेपाचला मांडवीला जा. तोवर पाणी खूप आत गेलेलं असेल आणि ओल्या काळ्या वाळूची लांबच लांब पट्टी उघडी पडलेली असेल. तिच्यावर अनवाणी चाला. सूर्य बुडाला की लगेच उठून जाऊ नका, पाठ फिरवू नका. तिथंच, पश्चिमेला, द्वितीयेची कोर दिसेल.

नमस्कार.