ओत्तु, ओत्तु... हिडी

मागच्या डाव्या टायरवर, आतल्या बाजूने ओघळलेली ओली रेघ. मिस्त्री बोट लावतात, चोळून बघतात, मग मगातल्या पाण्याचे दोन थेंब त्यावर सोडतात. रेघ पाण्यात मिसळून जाते. इंजिन ऑइल असतं तर वेगळं तरंगलं असतं.

"ब्रेक ऑइल," मिस्त्री म्हणतात आणि जॅक मागवतात.

बेळगाव, उद्यमबागेच्या कारखान्यांजवळची गल्ली. शेजारी लेथ चालू असला की इथं ओरडूनच बोलायचं. गाडी ओमनी. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली, २०१९ मध्ये बनायची थांबली. भाजीवाल्यांनी मात्र अजून सोडलेली नाही. मालक जांबोटीकडचे, त्यांना सगळे मामा म्हणतात. कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याला कोबी-मिरची नेतात. परवा भरल्या गाडीत, ऐन उतारावर, पेडल लोण्यासारखं मऊ लागलं. दुसऱ्या गिअरात, हँडब्रेक ओढत मामांनी गाडी खाली आणली. सांगताना ते हसतात. आपल्याला हसू येत नाही.

ड्रम सहज निघत नाही. हातोडीचे ठोके, थोडा धीर, पुन्हा ठोके. निघाला तसा आत काळा चिखल: लायनरची, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांची, भुकटी आणि ऑइल. ऑइल प्यायलेले लायनर पुसून पुन्हा लावत नाहीत, ते थेट बाजूला जातात.

आता जवळून बघा. व्हील सिलिंडरचं, म्हणजे ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या नळकांड्याचं, रबरी टोपण मिस्त्री नखाने उचलतात आणि खालून थेंब गळतो. ऑइल अडवणारा आतला रबरी कप कडक झालाय, एका कडेला चिरलाय. हे वयाचं दुखणं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कणकुंबीच्या पावसात ओलाव्याला काय तोटा! आतून गंज धरतो, तो गंज रबर खातो. शिवाय कोरं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये. ओलावा धरल्यावर तीच हमी १४० वर येते. घाटात ब्रेक तापले की त्या ऑइलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ.

मिस्त्री सिलिंडरच्या आतून नख फिरवतात. नख अडकलं. खड्डा पडलाय. नुसतं नव्या रबरांचं किट घालून भागणार नाही, सिलिंडरच नवा. पाइपचा नट साध्या पान्याने गोल होतो, म्हणून फ्लेअर नटचा वेगळा पाना.

मग ब्रेकच्या पाइपात शिरलेली एअर काढायची. पोऱ्या सीटवर, मिस्त्री चाकाशी. पोरगा बैलहोंगलचा, म्हणून हुकूम कन्नडमध्ये: "ओत्तु... ओत्तु... हिडी!" दाब, दाब, धर. चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, अर्धा फेरा सुटतं, नळीतून बुडबुडे येतात. पोऱ्याने पाय उचलायच्या आत निपल बंद. बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

दुपारी पेडल पुन्हा खाली जायला लागलं. हळूहळू, पाय ठेवला की ठेवल्या जागी बुडतंय. बाहेर थेंब नाही. मिस्त्री कपाळाला हात लावतात. "ठोकळा राहिला."

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा असतो. पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर; रोजच्या वापरात त्याचा पिस्टन अर्ध्यातच फिरतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं गंजत पडलेला. एअर काढताना पेडल तळाला गेलं की जुने कप त्या गंजावरून घासतात आणि फाटतात. गळती बरी करता करता दुसरी तयार. पोऱ्याला कुणी रागावत नाही. सांगायचं मिस्त्रींचं काम होतं. मास्टर सिलिंडर नवा येतो. त्याची मजुरी मिस्त्री लावत नाहीत.

संध्याकाळी सपाट रस्त्यावर, कमी वेगात तपासणी. रात्री चारही चाकांखाली पुठ्ठे.

सकाळी तीन पुठ्ठे कोरडे. पुढच्या उजव्याच्या पुठ्ठ्याकडेला, इंजिनाच्या बाजूला, एक काळा डाग. मामांचा चेहरा उतरतो. मिस्त्री पाण्याचा मग आणतात, थेंब सोडतात. डाग वर तरंगतो.

"हे इंजिनचं," ते म्हणतात. "याला पुढच्या वेळी घेऊ."