पाऊण किलोची मॅग्नम

[दृश्य: अलास्का. मांडीभर पाण्यात उभा मासेमार. छातीवर होल्स्टर.]

साल्मनच्या नदीत उतरलेल्या माणसाचे दोन्ही हात गळाच्या काठीत गुंतलेले असतात. कंबर पाठपिशवीच्या पट्ट्याने अडवलेली. मग अस्वलासाठी बाळगलेल्या हत्याराला जागा उरते ती छातीवर. आणि दिवसभर छातीवर लटकलेलं पोलाद संध्याकाळी मानेला कळतं.

स्मिथ अँड वेसनचं ३२९पीडी रिव्हॉल्व्हर खपतं ते एवढ्यासाठीच. सांगाडा ॲल्युमिनियमचा, त्यात थोडंसं स्कँडियम. सिलिंडर टायटॅनियमचं. नळी ४ इंची, गोळी झेलणारा तिचा आतला भाग मात्र पोलादी. रिकामं वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. ह्याच बांध्याचं पोलादी ६२९ जवळजवळ १ किलो २०० ग्रॅम भरतं. काडतूस दोन्हींत तेच, १९५५ सालचं पॉइंट ४४ मॅग्नम.

(आपल्याकडे हलकं रिव्हॉल्व्हर म्हटलं की कानपूरचं निर्भीक आठवतं. तेही टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं. पण ते पॉइंट ३२, म्हणजे बारीक गोळीचं. इथला मामला वेगळा.)

[दृश्य: दोन्ही रिव्हॉल्व्हर तराजूवर.]

वजन घटलं, गोळीचा जोर घटला नाही. सहा काडतुसांचे दीडशे ग्रॅम दोन्हीकडे धरले, तरी हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा पोलादीच्या साधारण दीडपट होते. शिवाय हलकं हत्यार मागे येतं ते जास्त वेगाने. लाकडी मूठ लावली की मागचा उघडा धातू थेट अंगठ्याच्या बेचक्यात आदळतो. ती दिसायला छान, तेवढंच. पाठीवरून रबर येणारी मूठ लावा.

धरताना हात मुठीवर जितका वर जाईल तितका वर घ्या. खाली धरलं की नळी जास्त उसळते. अंगठा सिलिंडर उघडणाऱ्या खटक्याच्या मागे ठेवू नका, तो कातडी सोलतो. दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ तर कधीच नको; तिथून तापलेला वायू सुरीसारखा बाहेर पडतो. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही हवेत. डोळ्यांवर चष्मा हवाच.

नवख्या हातात सहा काडतुसं देऊ नका. एकच भरा. उसळीत मूठ सावरताना बोट नकळत पुन्हा चाप ओढतं आणि दुसरी गोळी भलत्याच दिशेला जाते. सराव पॉइंट ४४ स्पेशलवर करावा: १९०७ पासूनचं हे काडतूस आखूड आहे, मॅग्नमच्या खोबणीत बसतं आणि हाताला सोसवतं. उलटं मात्र चालत नाही. स्पेशलने मागे ठेवलेलं काजळीचं कडं ब्रशने काढलं नाही, तर मॅग्नमची पुंगळी आत जाताना किंवा निघताना अडते. मॅग्नमच्या एका बैठकीत बारा गोळ्या पुष्कळ झाल्या. त्यापुढे हात धक्का बसण्याआधीच दचकायला लागतो, आणि ती खोड मोडायला फार वेळ लागतो.

[दृश्य: व्हर्निअर कॅलिपरमध्ये काडतूस, जवळून.]

आता खरा घोटाळा. धक्क्याने रिव्हॉल्व्हर मागे जातं, सोबत न उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्याही जातात. आतली जड गोळी मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहते. पुंगळीच्या काठाची पकड ढिली असेल, तर प्रत्येक बार उडाला की गोळी थोडी थोडी बाहेर सरकते. शेवटी तिचं टोक सिलिंडरच्या पुढे येतं, सांगाड्यात अडतं आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. चाप कितीही ओढा. कधी सिलिंडर उघडतही नाही. पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये जे काडतूस वर्षानुवर्षं चाललं, तेच इथे दगा देऊ शकतं.

म्हणून दर नव्या खोक्यातलं एक काडतूस मोजायचं, मार्करने खूण करायची, सिलिंडरमध्ये शेवटच्या पाळीला ठेवायचं. बाकी पाच झाडायची आणि खुणेचं पुन्हा मोजायचं. ठरलेली कमाल लांबी १.६१० इंच, म्हणजे ४०.९ मिलिमीटर. लांबी वाढलेली दिसली तर ते खोकं पोलादी रिव्हॉल्व्हरसाठी बाजूला काढा. अस्वलासाठी लोक कडक शिशाच्या, चपट्या नाकाच्या, ३०० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या निवडतात, कारण त्या खोल जातात. पण गोळी जड असली की सरकण्याचा धोकाही वाढतो. घट्ट क्रिम्पची, म्हणजे पुंगळीच्या काठाने आवळून धरलेली, २४० ग्रेनची गोळी अशा वेळी जास्त शहाणपणाची.

रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे करून दांडा तळव्याने एका दमात दाबायचा. नळी खाली असली तर न जळलेले दारूचे कण पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली शिरतात आणि सिलिंडर जड फिरतं.

सफाईत हात आवरता घ्या. टायटॅनियम सिलिंडरवर सँडपेपर, पोलादी ब्रश, शिसं काढायचं खरखरीत फडकं, काहीच चालत नाही. वरचा संरक्षक थर खरवडला की तापलेला वायू तिथूनच धातू खायला लागतो. सिलिंडरच्या तोंडावरची काळी कडी दिसली तर दिसू द्यात. फटीच्या वर सांगाड्यात एक पातळ पोलादी पट्टी असते. ती जागेवर आहे ना, हे मात्र दर वेळी पाहायचं.

[दृश्य: होल्स्टरशेजारी बेअर स्प्रेचा डबा.]

अलास्कात बरेच जण अस्वलाला पळवणारा तिखट स्प्रेही सोबत बाळगतात. धावत येणाऱ्या अस्वलावर दुसरी गोळी नेमकी मारणं या हत्याराने अवघडच, पहिल्या उसळीतून नळी खाली यायलाच वेळ जातो.

सरावात सिलिंडरमध्ये बसून धक्के खाल्लेली काडतुसं पुन्हा होल्स्टरमध्ये जात नाहीत. ती त्याच दिवशी रेंजवर झाडून संपवायची, आणि नदीवर निघताना खोक्यातली सहा नवी भरायची.