गाठ कापून पाहा

मंडळी, पत्रिकेत विषय आहे ‘पृथ्वीवरचं जीवन जिवाणूंवर का अवलंबून आहे’. प्राणवायू, कुजणं, सगळं त्यात येतं. पण आधी शेंगवर्गीय झाडाच्या मुळावरची गाठ पाहू. तिच्यात जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन, म्हणजे नत्र, झाडाला वापरता येईल अशा रूपात बांधतात. ती कळली की बाकीचं सोपं जातं.

फुलोऱ्यातलं सोयाबीनचं रोप घ्या. उपटू मात्र नका. गाठी मातीतच तुटून राहतात आणि आपण म्हणतो, गाठी धरल्याच नाहीत. बाजूनं खणून ढेकळासकट काढा, पाण्यात भिजवा, माती आपसूक सुटू द्या. मग एक टपोरी गाठ ब्लेडनं मधोमध कापा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर काम चालू आहे. पांढरी असेल तर ती कोवळी तरी आहे, नाहीतर आतले जिवाणू नत्र बांधत नाहीत. हिरवट झाली असेल तर तिचं काम संपलं.

तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. त्याची गरज का पडते? नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायू लागला की निकामी होतं, आणि जिवाणूला श्वसनासाठी तर प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि बेताबेतानं पोचवतं. इतकी सुंदर तडजोड मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

हवेत 78 टक्के नायट्रोजन असूनही झाड उपाशी राहतं, कारण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध सहजी तुटत नाही. खत कारखान्यात त्यासाठी 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. जिवाणू तेच काम मातीच्या तापमानाला करतात, पण नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, निदान 16 रेणू खर्चून. त्यासाठीची साखर झाड पुरवतं. म्हणून युरिया भरपूर मिळाला की झाड गाठींवरचा खर्च आवरतं.

हे जिवाणू पेरणीआधी बियाण्याला लावतात, त्या बीजप्रक्रियेतच चुका होतात. सोयाबीनचं जिवाणूसंवर्धन, म्हणजे पाकिटात मिळणारे वाढवलेले जिवाणू, हरभऱ्याला चालत नाही. बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी, संवर्धन शेवटी. बियाणं सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात जिवाणू मरतात आणि दोष पाकिटावर जातो.

1886 मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी गाठींचं हे काम दाखवलं, 1888 मध्ये बायेरिंकनं त्यातले जिवाणू वेगळे केले.

वेळ संपत आली, तेव्हा राहिलेलं भराभर सांगतो. हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंमुळे. पानातलं हरितलवक (क्लोरोप्लास्ट) त्यांच्याच वंशातलं. आपल्या पेशीतली ऊर्जा तयार करणारी तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया) एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होती. मेलेलं झाड बुरशी आणि जिवाणू कुजवतात. ते थांबलं तर स्फुरद, गंधक, कर्ब सगळं मेलेल्या शरीरांतच अडकून पडेल. आणि बांधलेला नत्र पुन्हा हवेत सोडणारेही जिवाणूच, पाणथळ, प्राणवायू नसलेल्या मातीतले.

बाहेर बादलीत रोपं भिजत घातली आहेत, ब्लेडही ठेवलंय. जाताना प्रत्येकानं एक तरी गाठ कापून पाहा.