चुकीचे कारण, बरोबर उपाय
(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

रोग्याला खरोखर बरे करणारे, परंतु ज्यांच्यामागची मीमांसा साफ चुकीची होती, असे अनेक उपचार इतिहासात होऊन गेले. त्यांच्याविषयी बोलताना एक जण म्हणतो, गुण आला म्हणजे शास्त्रही खरेच. दुसरा म्हणतो, शास्त्र खोटे ठरले म्हणजे उपायही टाकाऊ. या दोन्ही म्हणण्यांचा मला मनापासून राग येतो. तो का येतो, हे सांगण्यासाठी नागपुरात संत्र्याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

मे १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या इंग्रज युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्ही हा रोग झालेले १२ खलाशी निवडले. त्यांच्या हिरड्या सडल्या होत्या, अंगावर डाग उठले होते, गुडघ्यांत त्राण उरले नव्हते. सर्वांना एकसारखे जेवण देऊन त्याने दोन-दोन जणांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली सायडर, दुसरीला पातळ केलेले गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री व एक लिंबू आणि सहाव्या जोडीला लसूण, मोहरी वगैरेंचे चाटण. फळे सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात फळे खाणाऱ्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला आणि दुसऱ्याला उरलेल्या रोग्यांच्या शुश्रूषेला नेमण्यात आले. माझ्या लहानपणीच्या पुस्तकात ही गोष्ट येथेच संपत असे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे, कारण खरी गोष्ट येथून सुरू होते.

दमट हवेने त्वचेची रंध्रे बुजतात, घामावाटे जायचे ते शरीरात साचून सडते आणि त्यातून स्कर्व्ही होते, असे लिंडचे मत होते. फळांत एखादा जीवनावश्यक घटक असेल आणि त्याच्या अभावी रोग होत असेल, ही कल्पना त्या काळी रूढ नव्हती. म्हणूनच फळे टिकत नाहीत हे पाहून त्याने रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून बाटलीत भरण्याची शिफारस केली. ज्यामुळे गुण येत होता, ते क जीवनसत्त्व त्या उष्णतेतच बहुतांशी नष्ट होत होते. तरीही १७९५ मध्ये ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस देण्याचा हुकूम काढला आणि स्कर्व्ही हटली. ती केवळ आंबटपणाने हटली, असा मात्र समज राहिला. पुढे १८६०च्या सुमारास भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधले, आपल्या कागदी लिंबाच्या कुळातले लिंबू घेण्यात आले. चवीला ते आंबटच होते. परंतु त्याच्या रसाची स्कर्व्ही रोखण्याची शक्ती जवळपास चौथा हिस्साच होती, हे १९१८ मध्ये सिद्ध झाले. वाफेच्या जहाजांनी प्रवास आखूड केल्यामुळे हा बदल कुणाच्या लक्षात आला नाही. १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत माणसे स्कर्व्हीने आडवी झाली, तेव्हा अनेक डॉक्टरांनी लिंबावरचाच विश्वास सोडला आणि डबाबंद मांसातल्या विषाला दोष दिला. हाती आलेला उपाय अशा रीतीने पुन्हा निसटला. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेच्या संशोधकांना गिनीपिगमध्ये स्कर्व्ही निर्माण करता आली आणि कोणत्या अन्नाने ती टळते हे तपासता येऊ लागले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे जे मुख्य म्हणून सांगायचे होते ते घाईने सांगतो. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. ते द्रावण त्याने निवडले, कारण साबणाने न जाणारी प्रेतांची दुर्गंधी त्याने जात असे. जंतूंची कल्पना त्याला नव्हती. पण एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले बाळंतिणींचे मृत्यू जूनमध्ये शेकडा २ वर आले. बंगालातील टीकादारांचे, म्हणजे देवी टोचणाऱ्यांचे, वर्णन हॉलवेल या इंग्रज शल्यवैद्याने १७६७ मध्ये प्रसिद्ध केले. हे टीकादार देवीच्या रोग्याच्या फोडांतला आदल्या वर्षीचा द्रव त्वचेत टोचत आणि पथ्यपाणी सांभाळत. श्वासावाटे येणाऱ्या रोगापेक्षा त्वचेतून दिलेला रोग बहुधा सौम्य होतो, हे आज आपण जाणतो. त्या काळी लोक देवीच्या कृपेला त्याचे श्रेय देत.

या सर्वांतून मला एकच गोष्ट मांडायची आहे. कारण चुकलेले असले तरी उपाय लागू पडू शकतो, पण त्यातला कोणता भाग लागू पडतो हे मात्र आपल्याला कळत नाही. आणि मग सोयीसाठी, स्वस्ताईसाठी किंवा चवीसाठी आपण नेमका तोच भाग बदलून बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा घरोघरी कैरीचे पन्हे होते आणि बाहेर जाताना खिशात कांदाही ठेवला जातो. दोन्हींचे कारण आपण एकच देतो: ‘थंड असते.’ कांदा खिशातच राहतो. शरीरात तो काहीच पोहोचवत नाही. पन्ह्यातले पाणी, मीठ आणि गूळ मात्र घामावाटे गेलेले भरून काढतात, कारण आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी अधिक चांगले शोषले जाते. थंडपणा कैरीतच आहे असे मानणारी व्यक्ती मीठ केवळ चवीपुरते समजून सहज वगळेल. पन्ह्याचा रंग तोच राहील, आंबटगोडपणाही राहील आणि उन्हातून आलेल्या मुलाच्या हाती तो पेला तितक्याच विश्वासाने दिला जाईल.