सिंहासन रिकामं का होतं?

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला विषय दिला ‘आशियाची प्राचीन कला आणि धर्मविचार’, आणि वेळ दिली जेवणाच्या आधीची. एवढ्यात आशिया उरकायचा तर तुमचे आणि माझे, दोघांचेही हाल होतील. म्हणून मी एका दगडापासून सुरुवात करतो. तो लंडनमध्येच आहे, ब्रिटिश म्युझियममधल्या अमरावती दालनात. अमरावती म्हणजे आपली विदर्भातली नव्हे. ही आंध्रातली, कृष्णाकाठची. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा समुद्र गाठायच्या आधी या गावावरून जाते.

तिथे एक प्रचंड स्तूप होता. १८४५ मध्ये वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने तिथे खोदकाम केलं, शिल्पं मद्रासला गेली आणि पुढे बोटीने इथे आली. तो इतिहास फारसा सुखद नाही, पण आज त्यात शिरत नाही. त्यातली एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. पहिली बाजू इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. तिच्यावर बोधिवृक्ष आहे, झाडाखाली सिंहासन आहे, भोवती भक्तिभावाने जमलेली माणसं आहेत. सिंहासनावर मात्र कोणीच नाही. पुढे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात स्तूपाची नव्याने सजावट झाली, तेव्हा कारागिरांनी हीच शिळा उलटी फिरवून तिची मागची बाजू कोरली. या बाजूला अख्खा स्तूप दिसतो आणि त्याच्या दारात बुद्ध उभे आहेत. सदेह.

म्हणजे एकाच दगडाच्या एका अंगाला बुद्ध नाहीत आणि दुसऱ्या अंगाला आहेत.

पहिल्या बाजूमागचा विचार समजून घ्यायचा तर पाली ग्रंथांतले दोन प्रसंग आठवावे लागतात. वक्कली नावाचा भिक्खू खूप आजारी होता. बुद्धांना डोळे भरून पाहायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. बुद्ध स्वतः त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, या नासणाऱ्या देहात पाहण्यासारखं काय आहे? जो धम्म पाहतो, तो मला पाहतो. दुसरा प्रसंग वच्छगोत्त या परिव्राजकाचा. मुक्त झालेला माणूस मृत्यूनंतर कुठे जातो, असं त्याने विचारलं. बुद्धांनी उलट विचारलं, इंधन संपून आग विझली की ती पूर्वेला जाते की पश्चिमेला? प्रश्नच लागू पडत नाही. आता हे ऐकत वाढलेल्या माणसाच्या हातात छिन्नी आली, तर तो नाक-डोळे कोणाचे कोरणार?

अर्थात हे इतकं सरळ नाही. मूर्ती मुद्दाम टाळली, झाड आणि आसन ही तिच्या जागी आलेली प्रतीकं, हे मत फ्रेंच अभ्यासक फूशे यांच्यापासून रूढ झालं. सुझन हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये त्याला आव्हान दिलं. त्यांच्या मते यातल्या अनेक शिल्पांत बुद्धांच्या आयुष्यातला प्रसंग नाहीच. पुढच्या काळातले यात्रेकरू बोधगयेसारख्या ठिकाणी झाडाची आणि आसनाची पूजा करताहेत, तेवढंच तिथे कोरलंय. मला हा आक्षेप रास्त वाटतो, पण पुरेसा नाही. यात्रेचंच चित्र असेल, तरी तिथे जाऊन माणसं झाडापुढे आणि आसनापुढे हात जोडत होती, मूर्तीपुढे नव्हे, हे उरतंच.

आता आपल्या कार्ल्याला चला. आपल्यापैकी अनेकजण एकवीरा आईच्या दर्शनाला गेले असतील. देवळामागेच तो भव्य चैत्य, म्हणजे डोंगरात कोरलेलं प्रार्थनागृह आहे. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल शेठने हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं तिथल्या लेखातच सांगून ठेवलंय. (जाहिरात जुनी आहे, पण खोटी नाही.) आत मूर्ती नाही, फक्त स्तूप आणि त्यावर लाकडी छत्र. बाहेर दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या देखण्या जोड्या आहेत, आणि त्या जोड्यांच्या अधेमधे बुद्ध. हे बुद्ध चारेक शतकांनंतरचे. मोकळी राहिलेली भिंत पाहून पुढच्या पिढ्यांनी ते कोरले. अमरावतीच्या शिळेवर जे घडलं, तेच इथे.

अजिंठ्यात हा प्रवास चालत करता येतो. १० क्रमांकाच्या लेण्यातला स्तूप साधा, गुळगुळीत आहे. १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत स्तूप आहेच, पण त्याच्या पुढच्या अंगातून बुद्ध बाहेर आलेत, एकात उभे, दुसऱ्यात पाय खाली सोडून बसलेले. मधे पाचशेहून अधिक वर्षं गेली.

त्या वर्षांत काय बदललं? भक्ती वाढली, बुद्धांना देवरूपात पाहणारा महायान विचार पसरला, बुद्धांचं रूप डोळ्यांपुढे आणून ध्यान करण्याची रीत रुजली. कुषाणांच्या राज्यात गांधार (आजच्या पेशावरचा परिसर) आणि मथुरा इथे मूर्ती घडू लागल्या. कुषाण राजा कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर उभे बुद्ध आहेत आणि शेजारी ग्रीक लिपीत ‘बोद्दो’. आधी गांधार की मथुरा, यावर फूशे आणि कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामी यांच्यात चांगलीच जुंपली होती. मला त्या वादापेक्षा कारागिराची अडचण जास्त रोचक वाटते. बुद्धांना जाऊन पाच-सहाशे वर्षं झालेली, चेहरा कोणालाच ठाऊक नाही. हाताशी होती महापुरुषाची ३२ लक्षणं: डोक्यावर उंचवटा, भुवयांच्या मधे केसांचा भोवरा, तळपायावर चक्र, बोटांच्या मधे पातळ पडदा. त्याने ती जवळपास शब्दशः दगडात उतरवली. बोटांमधला पडदा त्याच्या सोयीचाही होता, कारण सुटी कोरलेली बोटं तुटतात. गांधारात अंगावर रोमन झग्यासारख्या चुण्या आल्या, मथुरेत लाल दगडात भरदार देह आणि उघडा खांदा. लांब कानपाळ्या मात्र राजपुत्रपणी घातलेल्या जड कुंडलांची खूण. इथल्या गार्डन सेंटरमध्ये कारंज्याशेजारी विकायला ठेवलेल्या सिमेंटच्या बुद्धालाही त्या असतात. हे सगळं कशासाठी, ते विकणाऱ्याला विचारू नका.

म्हणजे आधी निर्गुण, मग सगुण, आणि गोष्ट संपली? वारकरी परंपरेत वाढलेल्यांना हा वाद संपत नसतो हे वेगळं सांगायला नको. जावातल्या बोरोबुदूरला, इसवी सन ८०० च्या आसपास, तो चढण म्हणून बांधला गेला. खालच्या चौकोनी मजल्यांवर कथाच कथा: राजे, जहाजं, बाजार, हजाराहून जास्त शिल्पपट. वर गेलं की गोल गच्च्या लागतात. तिथे कथा नाहीत. जाळीदार ७२ स्तूप आहेत, आणि प्रत्येकाच्या आत, जाळीतून अर्धेमुर्धे दिसणारे बुद्ध. सगळ्यात वर मधोमध मोठा स्तूप. त्याला जाळीच नाही.

चीनमध्ये हाच विचार थट्टेच्या वाटेने गेला. तांग काळातल्या तान-श्या नावाच्या भिक्खूने म्हणे थंडीच्या रात्री देवळातली लाकडी बुद्धमूर्ती जाळून शेक घेतला. पुजारी खवळला. तान-श्या म्हणाला, मी राखेत बुद्धांच्या अस्थी शोधतोय. लाकडात अस्थी कुठून येणार, पुजारी ओरडला. मग उरलेल्या दोन मूर्तीही द्या, हा म्हणाला.

ही गोष्ट पुढे चीन-जपानच्या चित्रकारांना इतकी आवडली की त्यांनी तिची चित्रं काढली, आणि ती चित्रं आज संग्रहालयांत काचेआड जपून ठेवलीत. शेकोटीजवळ नेऊ देत नाहीत.

प्रश्न असतील तर पंगतीत विचारा.