एमकॅटचा अभ्यास: रसायन आणि माणूस एकाच पानावर

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी, आणि त्या पदवीच्या आगेमागे एमकॅट, म्हणजे मेडिकल कॉलेजची प्रवेश परीक्षा. बारावीनंतर लगेच नीट देणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांपेक्षा इथली मुलं वयानं मोठी असतात, पण घरातली हवा बरीचशी तीच. न्यू जर्सीतल्या मराठी घरात एमकॅटचा विषय निघाला की आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "फिजिक्स झालं का? ऑरगॅनिक कुठवर आलं?" सायकॉलॉजीची चौकशी कुणी करत नाही. ती शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत उरकू, पाठांतराचा तर विषय आहे, असं मुलंही म्हणतात. मी इथल्या विद्यार्थ्यांना जीवरसायन शिकवते, म्हणजे सायकॉलॉजी माझा विषय नव्हे. तरीही आज मला बोलायचं आहे ते याच समजुतीविरुद्ध.

आधी परीक्षेची रचना थोडक्यात सांगते. चार विभाग असतात. त्यातला एक वाचून अर्थ लावण्याचा; त्याला बाहेरचं ज्ञान लागत नाही, म्हणून तो आज बाजूला ठेवू. उरले तीन: भौतिकशास्त्र आणि रसायन, जीवशास्त्र आणि जीवरसायन, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. तिन्हींत प्रत्येकी ५९ प्रश्न आणि ९५ मिनिटं. गुणांची पट्टीही तिन्हींना सारखीच, ११८ ते १३२. सायकॉलॉजीत गेलेला एक गुण फिजिक्समध्ये गेलेल्या गुणाइतकाच महाग पडतो. आणि या ५९ पैकी ४४ प्रश्न उताऱ्यांवर असतात. उतारा बहुधा एखाद्या प्रयोगाचा, सोबत आलेख किंवा तक्ता. तुम्हाला काय येतं याबरोबरच, जे येतं ते अनोळखी ठिकाणी ओळखू येतं का, हे तिथे तपासलं जातं.

हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून एकच आजार घेते आणि त्याच्या मागोमाग तिन्ही विभागांतून जाऊ या. आजार आहे सिकलसेल. आमच्या विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या श्रोत्यांना या आजाराची ओळख करून द्यायला नको. गडचिरोलीतल्या किंवा सातपुड्यातल्या पाड्यावर तो घरोघरी माहीत आहे, आणि इथे अमेरिकेत प्रामुख्यानं कृष्णवर्णीय कुटुंबांत. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्याचं पहिलं वर्णन छापलं. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात, असं त्यात होतं.

आता रसायन. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिड असतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येतं. बदल एवढाच. पण ज्या विद्यार्थ्याला वीसही अमिनो ॲसिडं नुसती नावानं पाठ आहेत, त्याला यातून काहीच दिसत नाही. ज्याला त्यांचे स्वभाव माहीत आहेत, त्याला पुढचं सगळं दिसतं. ग्लुटामिक ॲसिडच्या बाजूच्या फांदीवर रक्ताच्या पीएचला ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते पाण्यात सुखानं राहतं. व्हॅलिन पाण्यापासून दूर पळतं. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर हे व्हॅलिन उघडं पडलं की ते शेजारच्या रेणूवरच्या तशाच जलद्वेष्ट्या खाचेत जाऊन बसतं. रेणूला रेणू चिकटत जातो, लांब दोरे तयार होतात आणि पेशी वाकते.

इथून परीक्षक किती दिशांना जाऊ शकतो पाहा. हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्या दोन, म्हणजे दोन ऋण प्रभार गेले. मग इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या साहाय्यानं रेणू प्रभारानुसार सरकवून वेगळे करण्याच्या पद्धतीत, हे हिमोग्लोबिन धन टोकाकडे जाताना नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या मागे पडणार. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली नेमकं हेच दाखवलं, आणि एखादा आजार रेणूच्या रचनेत असू शकतो हे जगाला कळलं. आता प्रश्न असा येईल: आईकडून एक बिघडलेलं जनुक आणि वडिलांकडून एक चांगलं जनुक मिळालेल्या मुलाच्या नमुन्यात किती पट्टे दिसतील? दोन. दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिनं त्याच्या रक्तात असतात. आणि त्याच ओघात धन टोकाला ॲनोड म्हणायचं की कॅथोड, हा सापळा. इथे ॲनोड धन असतो, गॅल्व्हॅनिक सेलमध्ये, म्हणजे वीज देणाऱ्या बॅटरीत, तो ऋण असतो. दोन्ही ठिकाणी ऑक्सिडीकरण मात्र ॲनोडलाच. एवढं पक्कं असलं की गोंधळ होत नाही.

भौतिकशास्त्र इथून एका पावलावर आहे. वाकलेल्या पेशींनी केशवाहिनी अरुंद झाली. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, म्हणून त्रिज्या निम्मी झाली तर, दाब तोच असताना, प्रवाह एक सोळांश. हे पॉइझेयचं सूत्र. केशवाहिनीतल्या रक्ताला ते काटेकोरपणे लागू होत नाही, आणि का होत नाही हाही चांगला प्रश्न आहे. रक्त नुसतं पाणी नव्हे, त्यात पेशी आहेत.

जीवशास्त्रात तर हा आजार रेंगाळायलाच लावतो. काम करणाऱ्या स्नायूत आम्लता वाढते, त्यामुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं; हा बोर परिणाम. पण ऑक्सिजन सोडला की दोरे बनतात. म्हणून धावपळ, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, यांनी वेदनेचा झटका येतो. जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठीक का असतं? कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावरचा उपचारही तेच करतो, गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएलइलेव्हनए या जनुकाचा लगाम सैल करून. मग मलेरियाचा मुद्दा: एकच बिघडलेलं जनुक असलेल्यांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून हे जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकून राहिलं. लोकसंख्या-जनुकशास्त्राचा अख्खा धडा यात आहे.

इथवर माझे विद्यार्थी आनंदानं येतात. आता त्याच रुग्णाला मी इमर्जन्सीमध्ये आणते.

विशीतला कृष्णवर्णीय तरुण. रात्री वेदनेचा झटका. तो येऊन औषधाचं नाव घेऊन सांगतो की मला अमुक इंजेक्शन एवढ्या डोसचं लागतं. समोरच्याच्या मनात येतं, याला व्यसन असणार. या एका क्षणात मानसशास्त्राच्या पेपरातल्या तीन गोष्टी आहेत आणि मुलं त्या नेहमी एकमेकींत मिसळतात. असे लोक असेच असतात, ही डोक्यातली समजूत म्हणजे स्टिरिओटाइप. त्याच्याबद्दल वाटणारी चीड किंवा संशय ही भावना, तो पूर्वग्रह. आणि त्याला दोन तास ताटकळत ठेवणं ही कृती, तो भेदभाव. विचार, भावना, वर्तन. उताऱ्यात यातलं नेमकं काय मोजलं आहे ते पाहायचं, पर्याय आपोआप गळतात.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना प्रश्न विचारले होते. कृष्णवर्णीय लोकांची त्वचा जाड असते, यासारखी निदान एक तरी खोटी समजूत त्यांच्यातल्या सुमारे निम्म्या गोऱ्या मंडळींना खरी वाटत होती. आणि ज्यांच्या मनात अशा समजुती होत्या, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली. अमिनो ॲसिडं, बोर परिणाम, पॉइझेय सगळं येणारी ही हुशार मुलं होती. एप्रिल २०१५ पासून एमकॅटमध्ये मानसशास्त्र-समाजशास्त्राचा विभाग आला, तो का यायला हवा होता याचं याहून स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही. म्हणूनच त्याला 'सोपा पेपर' म्हटलेलं मला सोसत नाही.

त्याच तरुणाचं आणखी पुढे. गोळी घेतली, वेदना गेली, पुढच्या वेळी तो गोळी लवकर घेतो. हे काय? बरीच मुलं शिक्षा म्हणून मोकळी होतात, कारण 'निगेटिव्ह' हे नाव ऐकून वाईट काहीतरी मनात येतं. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन वाढलं, म्हणून हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. वर्तन वाढलं का घटलं, हे आधी विचारा. काही मिळालं का काही गेलं, हे नंतर. या क्रमानं गेलात तर मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या बक्षीस-शिक्षेच्या चारही प्रकारांत चूक होणार नाही.

पुढच्या महिन्यात तो तपासणीला आला नाही. डॉक्टर म्हणाले, बेफिकीर आहे. प्रत्यक्षात त्याला रजा मिळाली नव्हती आणि बस दोन बदलाव्या लागत होत्या. माणसाच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थिती विसरायची, या खोडीला फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर म्हणतात. आपल्या गडचिरोलीतल्या आईला पोराला घेऊन पावसाळ्यात जिल्ह्याच्या दवाखान्यात यायचं असतं, तेव्हाही हेच घडतं. आणि मुलगी सिकलसेलची वाहक आहे हे कळलं तर तिच्या लग्नाचं काय, या धास्तीनं घरचे तपासणीच टाळतात, तेव्हा समाजशास्त्रज्ञ गॉफमननं १९६३ साली मांडलेली 'स्टिग्मा'ची, म्हणजे समाजानं लावलेल्या कलंकाची कल्पना पुस्तकात राहत नाही. मराठी मुलांना हे विषय परके नाहीत. जात, सोयरीक, गाव आणि शहर हे सगळं त्यांनी जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं असतं. फक्त ते समाजशास्त्र आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता अभ्यास कसा करायचा. याचं उत्तर अभ्यासक्रमातच, स्मरणशक्तीच्या धड्यात आहे. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग मंदावतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पिवळा हायलायटर घेऊन तेच पान चौथ्यांदा वाचताना जे 'येतंय' असं वाटतं, ते ओळखीचं वाटणं असतं. परीक्षेला लागतं ते आठवणं.

म्हणून पान मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. वीस अमिनो ॲसिडं, त्यांची एकाक्षरी चिन्हं, कोणाचा प्रभार काय. हे पाठच करावं लागतं, त्याला पर्याय नाही. एरिक्सन आणि पियाजे यांनी सांगितलेले माणसाच्या मानसिक वाढीचे टप्पेही तसेच. त्यासाठी कार्डं करा, अँकीसारखं ॲप वापरा किंवा हातानं लिहा, पण रोज थोडी आणि दिवसांचं अंतर ठेवून. सायकॉलॉजी शेवटच्या तीन आठवड्यांत कोंबली तर हे अंतरच मिळत नाही. जीवरसायन ज्या दिवशी सुरू कराल, त्याच दिवशी तीही सुरू करा. आणि सायकॉलॉजीच्या कार्डावर व्याख्या लिहू नका; प्रसंग लिहा आणि नाव ओळखा. परीक्षेत प्रसंगच येतो.

कॅल्क्युलेटर मिळत नाही, ही गोष्ट पालकांना माहीत नसते. रक्तात बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वीसास एक, पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा) ६.१. वीसचा लॉग साधारण १.३, हे तोंडी आलं पाहिजे, म्हणजे ६.१ मध्ये १.३ मिळवून ७.४ हा रक्ताचा पीएच पटकन मिळतो. मग घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या माणसाचा पीएच कुठे सरकेल, हेही सांगता येतं: कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला, पीएच वर. दिवसाला अशी पाच-सहा गणितं कागदावर करत राहा.

सराव परीक्षा दिल्यावर गुणांकडे एकदा बघा आणि मग चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: माहिती नव्हती, उतारा नीट वाचला नाही, की दोन पर्यायांत घसरलो? या तिन्हींचे इलाज वेगळे. पहिल्यासाठी पुस्तक, दुसऱ्यासाठी उतारे, तिसऱ्यासाठी चुकीचा पर्याय चुकीचा का, हे एका वाक्यात लिहिण्याची सवय. बरोबर आलेल्या पण अंदाजानं सोडवलेल्या प्रश्नांनाही यातच धरा. एमकॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं काही सोडायचं नाही, पण अंदाज हा अंदाज म्हणून लक्षात राहिला पाहिजे.

शेवटी पालकांसाठी एक. "एकदा देऊन तर बघ" असं म्हणू नका. एका वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच ही परीक्षा देता येते. केंद्रावर बसून नंतर गुण रद्द करून घेतले तरी तो प्रयत्न मोजला जातो. दिवस मोठा असतो, विश्रांती धरून साडेसात तासांच्या आसपास. तेव्हा पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत, त्याच वेळेला सकाळी बसून, चारही विभागांचे गुण दोन-तीनदा सारखे आले की मगच तारीख पक्की करा; आणि त्या चारांत सायकॉलॉजी मागे असेल, तर ती पुढे येईपर्यंत थांबा.

नमस्कार.