आयताराचे मौन

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावण सुरू झाला आहे. दिव्यांच्या अवसेला घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडले गेले, दुसऱ्या दिवशी प्रतिपदा उजाडली आणि आपल्या गोव्यातल्या घरांत महिनाभरासाठी शिंवराक, म्हणजे शाकाहारी, स्वयंपाक सुरू झाला. उत्तर भारतात पौर्णिमेनंतर महिना बदलतो, त्यामुळे तिकडचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, आणि आपला श्रावण नागपंचमी, सुतांपुनव म्हणजे श्रावणी पौर्णिमा, अष्टमी अशी पावले टाकत जातो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत जांबावलीच्या दामोदराच्या नावाने चोवीस तासांचा अखंड भजनी सप्ताह बसतो. गोकुळाष्टमीच्या सुमारास पणजीत मांडवीकाठी अष्टमीची फेरी भरते. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर मी अधिक बोलत नाही.

आज मला बोलायचे आहे ते श्रावणातल्या रविवाराबद्दल, म्हणजे आपल्या आयताराबद्दल. सोमवारची शिवामूठ, मंगळवारची मंगळागौर आणि शुक्रवारची जिवती महाराष्ट्रातही घरोघरी असते, परंतु श्रावणातला आयतार गोव्याच्या बायकांनी जितक्या मनापासून जपला, तितका तो इतरत्र क्वचितच जपला गेला असेल, असे माझे मत आहे. आदित्यराणूबाईची कहाणी आपण ऐकलेली आहे. मौनाने उठावे, स्नान करावे, सहा रेघांचे मंडळ काढावे, सहा सुतांचा तातू करून त्याला सहा गाठी द्याव्यात आणि पानफूल वाहावे, असा तो वसा आहे. श्रावणात घेतलेला हा वसा माघातल्या रथसप्तमीला पुरा होतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे. वसा श्रावणात घ्यायचा आणि माघात पुरा करायचा.

या पूजेला पत्री लागते आणि नैवेद्याला पातोळ्या लागतात. पत्री म्हणजे आघाडा, दूर्वा, माका, कुरडू, सड्यावरचा गुलाबी तेरडा, आणि ज्या घराची जी रीत असेल त्याप्रमाणे आणखी कितीतरी. हल्ली बाजारात पत्रीच्या बांधलेल्या जुड्या मिळतात. ज्यांना वेळ नाही त्यांनी त्या घ्याव्यात, त्यात काही वावगे नाही, परंतु घरात लहान मूल असेल तर निदान एका शनिवारी त्याला घेऊन बाहेर पडावे, कारण आघाड्याचा तुरा परकराला कसा चिकटतो हे जुडी विकत घेऊन कळत नाही.

उपवासाविषयीही एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. साबुदाण्याची खिचडी हे आज आपले उपवासाचे मुख्य अन्न होऊन बसले आहे. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, खिचडीतला बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले आहेत आणि पोर्तुगीज आल्यानंतर ते आपल्याकडे रुजले. खिचडी खाऊ नये असे मी म्हणत नाही. परंतु पावसाने भिजलेल्या आपल्या परसात अळू आहे, सुरण आहे, काटेकणगीचे कंद आहेत, आणि श्रावणाच्या ताटात त्यांचा मान आधीचा आहे, हे मी आग्रहाने सांगेन.

आता पातोळ्यांकडे वळते. भिजवलेला तांदूळ रगड्यावर वाटायचा, हळदीच्या पानावर तो पातळ सारवायचा, मध्ये खोबरे आणि माडाच्या गुळाचे चूण भरायचे, पान मिटायचे आणि वाफवायचे. पहिल्या पावसात लावलेल्या हळदीची पाने नेमकी श्रावणातच हातभर होतात, म्हणून हा पदार्थ श्रावणाचा. आपले ख्रिस्ती बांधवही पंधरा ऑगस्टला, सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे मेरीमातेच्या सणाला, याच पातोळ्या करतात. एकच पान, एकच चूण, एकच वाफ.

माझी आठवण याच पानाची आहे. 1976 साली पंधरा ऑगस्ट रविवारी आला होता आणि तो श्रावणातला तिसरा आयतार होता. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमच्या परसात फणसाची दाट सावली असल्यामुळे हळद धरत नसे. कुंपणापलीकडे एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाईंना आम्ही मुले मावशी म्हणत असू, माझी आजी त्यांना बाय म्हणे आणि त्या आजीला वहिनी म्हणत. मावशींच्या विहिरीजवळ हळदीचा वाफा होता, आणि दर श्रावणात आमच्या पातोळ्यांची पाने त्याच वाफ्यातून येत. त्या वर्षी फेस्त आणि आयतार एकाच दिवशी आल्यामुळे मावशींनी आपली पाने शनिवारी संध्याकाळीच कापून ठेवली होती, आणि आम्ही आमची पाने रविवारी सकाळी ताजी कापून आणणार होतो.

शनिवारी मी पत्री आणायला गेले होते. येताना ओचा पानाफुलांनी भरलेला होता, पाऊस धरून आला होता, आणि दोन्ही घरांमधल्या कुंपणाचे फाटक मी तसेच उघडे टाकून घरात शिरले. पहाटे आमची म्हैस दावे तोडून सुटली. ती फाटकातून पलीकडे गेली आणि हळदीच्या ओल्या, मऊ वाफ्यात जाऊन बसली. उजाडल्यावर मी पाहिले तेव्हा ती डोळे मिटून रवंथ करत होती आणि तिच्या अंगाखाली सगळी हळद आडवी झाली होती. पाने चिखलात रुतली होती, दांडे मोडले होते, आणि त्या चिखलातून हळदीचा उग्र, गोड वास येत होता. तो वास मला आजही आठवतो.

आजी तेव्हा स्नान करून ओलेत्याने मंडळ काढायला बसली होती. आयताराच्या दिवशी ती उठल्यापासून पूजा संपेपर्यंत एक अक्षरही बोलत नसे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तिचा हा नेम होता, आणि तो मोडलेला घरात कोणी पाहिला नव्हता. मी रडत रडत तिला सांगितले. तिने हातातली रक्तचंदनाची वाटी खाली ठेवली, बाहेर येऊन वाफा पाहिला, म्हशीला उठवून दाव्याला बांधले, आणि त्याच ओल्या लुगड्याने ती मावशींच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली. मावशी चर्चला जायला निघाल्या होत्या. मला वाटले, आजी आता हाताने खुणा करील. परंतु ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाय, आमच्या म्हशीने तुझी हळद तुडवली. तुझी वर्षाची हळद मी भरून देईन."

मावशींनी हळदीकडे पाहिलेच नाही. त्या आजीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आज तुम्ही बोललात?"

आजी काही बोलली नाही. मावशी आत गेल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली आपली पाने घेऊन आल्या. पायरीवर बसून त्यांनी ती मोजली. बावीस पाने होती. त्यांतली अकरा त्यांनी आजीच्या हातात ठेवली आणि त्या चर्चला गेल्या.

घरी आल्यावर आजीने पुन्हा स्नान केले आणि मंडळ पुन्हा पहिल्या रेघेपासून काढले. त्या दिवशी पूजा दुपारी आटोपली. दोन्ही घरांत पाने अर्धी अर्धी कापून लहान पातोळ्या झाल्या. मी मात्र दिवसभर घाबरलेली होते. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको, हे कहाणीतले शब्द मला पाठ होते, आणि माझ्यामुळे आजीचा वसा मोडला असे मला वाटत होते. रात्री मी तिला तसे विचारले. ती म्हणाली, "मौन पुन्हा धरता येते गं. बायला आधी सांगायला हवे होते." एवढे बोलून ती झोपली.

श्रोतेहो, मघाशी मी सांगितले की हा वसा माघात पुरा होतो. हळदही त्याच सुमारास काढतात. पाने वाळून पिवळी पडली की गड्डे उकरायचे. त्या वर्षी मावशींच्या वाफ्यातून फारच थोडे गड्डे निघाले. रथसप्तमीला आजीने आदित्यराणूबाईची पूजा पुरी केली, नैवेद्य दाखवला, आणि फोंड्याच्या बाजारातून आणवलेली हळकुंडांची पिशवी माझ्या डोक्यावर देऊन मला कुंपणापलीकडे पाठवले. मावशींनी पिशवी ठेवून घेतली. रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही म्हणून त्यांनी वाफ्यात उरलेल्या गड्ड्यांतले तीन माझ्या ओंजळीत घातले आणि सांगितले, "फणसाखाली लावू नका. न्हाणीच्या मागे ऊन येते, तिथे लावा."

न्हाणीच्या मागची ती हळद आजही आहे. दर माघात काढतो, दर मिरगाला लावतो. आजी नाही आणि मावशीही नाहीत. पलीकडच्या घरात आता त्यांची सून असते आणि त्यांचा वाफा विहिरीच्या नव्या कठड्याखाली गेला. शनिवारी संध्याकाळी मी पाने कापते, ओल्या फडक्यात गुंडाळते, आणि त्यांतली अकरा आधी फाटकापलीकडे पोहोचवते. मग फाटकाची कडी लावून घेते.

नमस्कार.